पानिपतानंतरचा सरदार, गावातली बाई आणि मधला खोटा कागद

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "पेशवाईतला एक सरदार आणि त्याच्या जहागिरीतल्या गावची एक मुलगी, यांची प्रेमकथा लिहितेय. त्यात रहस्य पण आहे, वाड्यात एक खून होतो. दीडशे पानं झाली आणि आता लक्षात येतंय की प्रेम एकीकडे चाललंय आणि खून दुसरीकडे. वाचून बघणारे म्हणतात काळ खरा वाटत नाही. कुठं चुकतंय?"

मी गेली बावीस वर्षं मोडी कागद वाचतेय आणि त्यातली बरीच वर्षं लोकांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचे खर्डे तपासून देतेय, आणि खरं सांगते, दहातल्या आठ खर्ड्यांना हाच आजार असतो. प्रेमकथा आधी सुचलेली असते, मग वाटतं नुसतं प्रेम पुरणार नाही म्हणून त्यात एक खून घातला जातो. तो खून कुठल्याही काळात, कुठल्याही वाड्यात चालला असता. म्हणून तो नायक-नायिकेच्या मधे येतच नाही, बाजूला उभा राहतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तिला जे कळायला हवंय ते त्याला माहीत असलं पाहिजे, आणि ते सांगितलं तर ती आपल्याला दुरावेल ही भीती त्याला असली पाहिजे. एवढं जमलं की रहस्य आणि प्रेम वेगळे राहतच नाहीत. आणि यासाठी तुम्हाला खुनाची गरज नाहीये, त्या काळानं आयतंच देऊन ठेवलंय.

तुम्ही साल लिहिलेलं नाही, नुसतं "पेशवाई" लिहिलंय. पेशवाई म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं झाली हो, त्यात कुठलं साल ते ठरवल्याशिवाय पुढं जाऊच नका. मी तुमच्या जागी असते तर १७६१ चा पावसाळा घेतला असता. १४ जानेवारीला, म्हणजे शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला पानिपत झालं. उत्तरेकडं निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी पत्रातून बातमी आली, ते पत्र आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय, दोन मोती गळाले, इतक्या मोहरा गेल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणना नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे, गावागावातनं गेलेले बारगीर, पायदळ, बाजारबुणगे, ज्यांची मोजदाद कुणी केली नाही.

तुमची नायिका ही त्या खुर्द्यातल्या एकाची बायको करा.

आता बघा काय काय आपोआप जागेवर पडतं. पहिली गोष्ट म्हणजे वय. तुमच्या खर्ड्यात ती अठरा-एकोणीस वर्षांची आहे आणि बिनलग्नाची आहे आणि गावात कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही, हे त्या काळी शक्य नाही, लग्नं दहाच्या आत-बाहेर उरकायची. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं ते हेच. तिचं लग्न झालेलं असू द्या. नवरा सरदाराच्या पथकात बारगीर म्हणून गेला, म्हणजे घोडा पागेचा, स्वतःचा नाही (स्वतःच्या घोड्यावर जातो तो शिलेदार, हा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणारे). सरदार परत आला, जखमी पण जिवंत. नवरा आला नाही. मेला म्हणून कुणी सांगत नाही, जिवंत आहे म्हणूनही कुणी सांगत नाही.

मग ती विधवा की सवाशीण? हा नुसता भावनेचा प्रश्न नाहीये, यावर तिचं पोट आहे. लढाईत पडलेल्याच्या मुलांना सरकारातून बालपरवेशी मिळायची, म्हणजे पोरांच्या पालनपोषणासाठी नेमणूक. पण ती मिळायला माणूस मेला असं ठरायला लागतं. कुणब्यांत पाट लावता यायचा, दुसरं लग्न करता यायचं, त्यावर सरकार पाटदाम नावाचा कर घ्यायचं म्हणजे ते हिशेबात यायचं, पण त्यालाही आधीचा नवरा मेला असं ठरावं लागतं. म्हणजे तिनं एकदा "हो, गेला" म्हटलं की भाकरी मिळते, मोकळीक मिळते, आणि कुंकू जातं. आणि तिला म्हणवत नाही.

हे मी कुठून काढलेलं नाही, याचा सगळ्यात मोठा दाखला पुण्यातच आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेला हे कधीच मान्य केलं नाही, शेवटपर्यंत सौभाग्यलेणं उतरवलं नाही. आणि मग तो तोतया आला, सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण, आपणच सदाशिवरावभाऊ म्हणून. पकडला गेला, कैदेत राहिला, रत्नागिरीहून सुटला तर कोकणातले किल्लेच्या किल्ले त्याला मिळाले, माणसं हजारोंनी त्याच्या मागं गेली, आणि १७७६ साली चौकशी होऊन त्याला पुण्यात देहदंड झाला. पंधरा वर्षं! पंधरा वर्षांनंतरही लोकांना वाटत होतं की परत येऊ शकतो. तुमचे वाचक ही गोष्ट ऐकून असतात, त्यामुळं तुमच्या नायिकेची वाट बघणं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त पार्वतीबाईंना वाट बघायला शनिवारवाडा होता, हिला कुणब्याचं खोपट आहे आणि पेरणी तोंडावर आहे.

आता सरदाराकडं येऊ. तुमचा सरदार फार चांगला आहे. इतका चांगला की त्याच्याकडं लपवण्यासारखं काही नाही, म्हणून तो मला दिसतच नाही. महादजी शिंद्यांची गोष्ट आठवा, पानिपतातून पळताना पायावर घाव बसून पडले होते, राणेखान नावाच्या भिस्त्यानं, म्हणजे पखालीनं पाणी वाहणाऱ्या माणसानं, त्यांना बैलावर घालून बाहेर काढलं. महादजींनी ते उपकार उघड मानले, त्याला भाऊ म्हटलं, पुढं मोठ्या हुद्द्याला नेलं. आता याच्या उलट माणूस कल्पा. तुमचा सरदार पडला होता, त्याचा घोडा गेला होता, आणि त्या बारगीरानं आपल्या खालचा घोडा त्याला दिला आणि स्वतः पायउतार झाला. सरदार त्या घोड्यावर बसून घरी आला. आणि घरी येऊन त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सुरवातीला लाजेनं, मग सांगायची वेळ निघून गेली म्हणून, आणि मग तिला बघितल्यावर भीतीनं.

बघा, खून नाही, विष नाही, तळघर नाही. पण आता तो जेव्हा जेव्हा तिच्यासमोर येतो तेव्हा वाचक श्वास धरून बसतो.

यात अजून एक माणूस लागतो, वाड्याचा कारभारी किंवा गावचा कुलकर्णी. तो दुष्ट नको. धन्याची अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं एक कागद तयार केलाय, उत्तरेतून आलेलं पत्र म्हणून, की अमुक बारगीर अमुक ठिकाणी तापानं वारला, शिमग्याच्या सुमारास. म्हणजे रणात सोडून दिला असं कुणी म्हणायला नको, आणि बाईला बालपरवेशी पण मिळेल. त्याच्या मते त्यानं सगळ्यांचं भलंच केलंय. मला असे कागद करणारे लोक फार खरे वाटतात, कारण दप्तरात बसल्यावर खोट्या कागदांमागं बहुतेक वेळा अशीच माणसं दिसतात.

कागद खोटा आहे हे कळायचं कसं, इथं तुम्ही मला फार आवडेल असं काहीतरी करू शकता. तुमच्या खर्ड्यात नायक अक्षरं ताडून बघतो आणि ओळखतो. ते नको. मोडी बोरूनं न उचलता सलग लिहितात, शब्दांत अंतर नसतं, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आणि सराईत कारकुनांचं वळण एकमेकांसारखंच असतं, मला बावीस वर्षांनंतरही नुसत्या अक्षरावरून माणूस सांगायला भीती वाटते. त्यापेक्षा तारीख वापरा.

त्या काळी कागदावर सालं दोन-तीन पद्धतीची असायची. शक पाडव्याला बदलतो हे सगळ्यांना माहितीये. पण सरकारी कागदावर शुहूर सन असतो, तो अरबी आकड्यांच्या नावानं लिहितात आणि तो बदलतो मृगाला, म्हणजे पेरणीच्या वेळी, इंग्रजी मे अखेर-जूनच्या सुमाराला. शुहूर सनात ५९९ मिळवले की सुरवातीच्या महिन्यांचं इसवी साल येतं, जानेवारीपासून ६०० मिळवायचे. पानिपत झालं ते साल ११६१, "इहिदे सितैन मया व अलफ", इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. त्याच वर्षीच्या मृगाला पुढचं लागलं, "इसन्ने सितैन मया व अलफ", म्हणजे ११६२.

आता त्या कारभाऱ्यानं खोटं पत्र बसून लिहिलं आषाढात. महिना-दीड महिना रोज हिशेबावर इसन्ने, इसन्ने लिहून हाताला सवय झालेली. पत्र फाल्गुनातलं दाखवायचंय, तिथी बरोबर फाल्गुनातली घातली, आणि सालाच्या जागी हात आपोआप इसन्ने लिहून गेला. फाल्गुनात इहिदे चालू होतं. एवढीच चूक. ही चूक माणसं करतातच, आपण जानेवारीत जुनं साल लिहितो तसं, हा उलटा प्रकार.

आणि ती चूक सरदारानं नाही, तिनं पकडायची. तिला वाचता येत नाही, पण शुहूर सन हे शेतीचं आणि वसुलीचं साल आहे, ते तिच्या कानावर रोज पडतंय. मी साधारण असं लिहीन:

देवडीच्या पायरीवर ती उभी, तो आत बैठकीवर. पाऊस.
"परत वाचा जी."
त्यानं परत वाचलं. फाल्गुन वद्य पंचमी, सन इसन्ने सितैन...
"थांबा. इसन्ने?"
"इसन्ने. साल आहे ते."
"ते ठावं हाय. कुलकर्णी मिरगापासनं वरडत हिंडतोय, इसन्न्याचा सारा, इसन्न्याचा सारा. म्हंजी इसन्ने औंदाचं. मग शिमग्याला कुठनं आलं?"
त्यानं कागद खाली ठेवला नाही. धरूनच बसला, पण वाचत नव्हता.

बस, एवढंच. लांबवू नका. हा प्रसंग माझ्या दृष्टीनं तुमच्या कादंबरीचा कणा होईल, कारण वाचायचं ज्ञान त्याच्याकडं, काळाचं ज्ञान तिच्याकडं, आणि दोघांनी मिळून जे उलगडलं त्यानं तोच अडचणीत आलाय. पत्र खोटं आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण घोडा त्याला माहीत आहे. आता गप्प राहिला तर तो कारभाऱ्याच्या खोट्यात सामील होतो. प्रेमाची कबुली नंतर कधीही येऊ द्या, आधी घोड्याची कबुली येते की नाही यावर वाचक पानं उलटेल. आणि पागेच्या नोंदीत घोड्याचा रंग, खुणा, किंमत लिहिलेली असते, म्हणजे तो बोलला नाही तरी सत्य कुठंतरी दप्तराच्या रुमालात बांधून पडलेलंच आहे. घोडा पंचकल्याणी द्या, चारी पाय आणि तोंड पांढरं, गावातल्या पोरानंही ओळखला पाहिजे.

आता प्रेमाबद्दल, आणि इथं मी जरा कडक बोलणारे, राग मानू नका. सरदार आणि गावातली बाई यांच्यात बरोबरी नसते. तो तिच्या गावाचा मोकासा, म्हणजे वसुलीतला वाटा खातो. त्याच्या माणसानं बोलावलं तर तिला "नाही येत" म्हणायची सोय आहे का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला प्रत्येक प्रसंगात विचारा. त्या काळात राख, नाटकशाळा म्हणजे ठेवलेल्या बायका होत्या, कुणबिणी म्हणजे विकत घेतलेल्या दासी होत्या (कुणब्याची बाई या अर्थानं नव्हे), बायकांची खरेदी-विक्री कागदोपत्री झालेली आहे, आणि गावच्या बाईला वाड्यातलं बोलावणं आलं की गाव काय समजतं हे तिला पक्कं ठाऊक असणार. ते बाजूला ठेवून नुसतं चांदणं आणि बासरी लिहिली की खोटं वाटतं. बाजीराव-मस्तानीचं उदाहरण पण डोक्यात ठेवू नका, मस्तानी छत्रसालाची मुलगी, तिच्यामागं एक राजा होता, तुमच्या नायिकेमागं कुणी नाही.

म्हणून तिला पाय रोवायला जागा द्या. मला वाटतं तिचं घर मिरासदाराचं करा, उपऱ्याचं नको. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा, त्याला उठवता येतं. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित, सारा भरतोय तोवर सरदारालाही सहजी हलवता येत नाही. नाबालिग मुलाच्या नावानं आईनं वतन चालवल्याचे कागद आहेत. एक लहान मुलगा आणि चार बिघे मिरास, एवढ्या बळावर ती देवडीच्या आत पाऊल टाकायला नकार देऊ शकते. वर दिलेल्या प्रसंगात ती पायरीवर का उभी आहे ते आता लक्षात आलं असेल.

बोलण्यातही हे आलं पाहिजे. तुमच्या खर्ड्यात दोघं पहिल्याच भेटीत एकमेकांना "तू" म्हणतात. ती त्याला कधीच तू म्हणणार नाही आणि नाव तर घेणारच नाही, "जी", "धनी", फार तर "सरकार". तो मात्र तिला सहज "तू" म्हणेल, त्यात त्याला काही वाटणारही नाही. मग एक दिवस, बहुतेक घोड्याचं सांगून झाल्यावर, त्याच्या तोंडून "तुम्ही" निघू द्या. एका कुणब्याच्या बाईला सरदार "तुम्ही" म्हणाला. तिनं त्यावर काही बोलू नये, फक्त मान वर करावी. मराठीत प्रेम व्यक्त करायला याच्याइतकी सुंदर जागा दुसरी नाही आणि ती आपण वाया घालवतो.

त्याच्या बायकोला मारू नका, प्लीज. अशा खर्ड्यांत पहिली बायको पाचव्या प्रकरणाच्या आत तापानं जाते. ती असू द्या. मराठा सरदारांच्या घरात गोषा असायचा, म्हणजे ती वाड्याच्या चौकात अडकलेली आणि शेतात राबणारी कुणब्याची बाई मात्र ओढ्यावर, खळ्यावर, जत्रेत मोकळी फिरतेय, हा विरोध दोघींच्या नजरेतून दाखवता येतो. आणि लग्नाचं म्हणाल तर कुळीचे मराठे पाट लावत नाहीत. खांडा लावून लग्न होऊ शकतं, नवऱ्याऐवजी त्याची तलवार उभी करून, पण ते दुय्यम मानलं जातं आणि ते विधवेसाठी नाहीच. म्हणजे सरळ सुखान्त तुमच्यासाठी बंद आहे. मला ते चांगलंच वाटतं, तुम्हाला शेवट शोधावा लागेल.

वेळेचं एक सांगते, कारण त्यानं बांधणी सोपी होईल. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि साधारण पावसाआधी परतायच्या. म्हणजे सरदार गावात असतो ते पावसाळ्याचे महिने. कथेला आपोआप घड्याळ मिळतं, मृगापासून दसऱ्यापर्यंत. त्या वर्षी तर जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले, जुलैत सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, पुण्यात सगळंच हललेलं, जहागिरी कुणाच्या राहतील कुणाच्या नाही याची धाकधूक. अशा वेळी पानिपतातून एका बारगीराचा घोडा घेऊन निघून आलो हे कबूल करणं सरदाराला किती महाग पडेल ते वेगळं सांगायला नको.

बारीकसारीक चुका तुमच्या खर्ड्यात बऱ्याच आहेत, सगळ्या इथं लिहीत नाही. चहा काढा, टोमॅटो काढा, काडेपेटी काढा, विस्तव शेजारनं आणतात किंवा चकमक झाडतात. "पाच मिनिटांत" नको, घटका म्हणा, चोवीस मिनिटांची, नाहीतर प्रहर. रॉकेलचा कंदील नको, दिवटी, पलिता, मशाल. पालखीत कुणीही बसत नाही, तो सरकारनं दिलेला मान असतो. रुपये म्हणजे नुसते रुपये नसतात, अंकुशी, चांदवडी, मलकापुरी, आणि बदलताना बट्टा जातो, त्यावरनं एक छान भांडण लिहिता येईल. निरोप नेणारा जासूद सहसा जोडीनं असतो. आणि कागद "मोर्तबसूद" असा शिक्का पडून संपतो, तो अशासाठी की खाली कुणी काही वाढवू नये, तुमच्या पत्राच्या खाली मोर्तबानंतर दोन ओळी आहेत, त्या चुकून आल्यात की मुद्दाम? मुद्दाम असतील तर फार छान, ठेवा.

जमलं तर पुण्यात पेशवे दप्तरात एकदा जाऊन बसा, रुमालात बांधलेले मूळ कागद बघा, किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात. मोडी येत नसेल तर सरदेसायांनी १९३० च्या दशकात छापलेले पेशवे दप्तरातले निवडक ४५ खंड आहेत, ते बाळबोधात, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत आहेत. एखादा खंड मधूनच उघडून घरगुती पत्रं वाचा, लढाया सोडून द्या. भाषा कानात बसेल.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला एक दिसतोय तो सांगते, घ्यायचा की नाही ते तुमचं. गावात मोठा निर्णय झाला की महजर, म्हणजे सगळ्यांच्या साक्षीचा निवाड्याचा कागद करायचे, त्यासाठी गोत बसायचं, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करायचे. कुणब्याची निशाणी नांगर. सुताराची, लोहाराची त्यांची त्यांची हत्यारं. बाईची निशाणी बांगडी.

सरदारानं गोतासमोर घोड्याचं सांगितलंय. नवरा रणात पायउतार झाला, घोडा धन्याला दिला, पुढं दिसला नाही, असं कागदावर आलंय. बालपरवेशी त्यावरच मिळेल, आणि खुर्द्यातल्या एका माणसाचं नाव पहिल्यांदा कुठंतरी लिहिलं गेलंय. आता तिची सही. कुलकर्णी बोरू दौतीत बुडवतो, तिच्या मनगटाकडं बघतो, तिथं अजून बांगड्या आहेत, आणि त्याला कळत नाही की काय काढू. तो विचारतो, "बाई, निशाणी काय घालू?" सरदार खाली बघतोय. ती काय म्हणते ते तुम्ही लिहा.